शेजारची लढाई

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत लसूण सोलत बसलो होतो. मंगलने रोजच्यासारखं विचारलं, "अहो, फाशर टिकलं का?" मी म्हटलं, "टिकलंय." ती म्हणाली, "मग सावकाश सोला, नखात साल जाईल." आत गेली, ग्लास भरला आणि नळाशीच खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत खलास.

मंगल माझी बायको. इथे आखातात, अजमानात आमच्या दारासमोर आमना राहते, सुदानची. तिच्या देशात सैन्य आणि सैन्यानेच पोसलेली दुसरी फौज एकमेकांवर उठली. खार्तूम पेटलं त्या दिवशी आमना जिन्यात रडत बसलेली. मंगलला अरबी येत नव्हती. तरी घरात येऊन म्हणाली, "भाऊबंदकी आहे हो. बाहेरचा शत्रू परवडला." आमनाची बहीण फाशर शहरात अडकली होती. तेव्हापासून फाशर आमच्या घरातलंच झालं. मोबाइलवर बातमी मी बघायची, बोल मंगलचे खायचे.

मदनी शहर त्या दुसऱ्या फौजेच्या हाती पडलं तेव्हा हिने पिठलं-भात शेजारी नेला. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी नेऊन देतात. आमनाला वाटलं आमचा काही सण आहे. हसत घेतलं तिने, पातेल्यात खजूर भरून परत दिलं. मी म्हटलं, "अगं, तिचं कोणी मेलेलं नाही."

"गाव मेलं की. गावाला काय सुतक नसतं?"

मग मी मोडक्या हिंदीत आमनाला समजावलं. तिने मंगलचे हात धरले ते सोडीचना.

खार्तूम सैन्याने परत घेतलं तेव्हा आमना गॅलरीत जीभ हलवून किंचाळली, त्यांच्यात लग्नाला तसं करतात. मंगलने शिरा केला. मी तुपावरून बोललो. "राजधानी मिळालीय, आणि हे तूप बघतायत!" म्हणाली.

फाशरला त्या फौजेने घातलेला वेढा मात्र सुटेना. तिथे लोक पेंड खातात, असं आमनाने सांगितलं. "बैलाला घालतो ती?" मंगलने विचारलं आणि ताटावरून उठली. मी जेवलो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मुलगा तिच्या मृत्यूच्या कागदांच्या मागे गेला. "बाबा, गॅस पेटवू नका, रोल्लाहून मावशी डबा आणतेय," म्हणाला. मी सवयीने मोबाइल उघडला. फाशर पडलं होतं. समोरून आमनाचं रडणं ऐकू येत होतं. मंगलसाठी का बहिणीसाठी, कळेना.

मी गॅस पेटवला. सोललेला लसूण वाटीत तसाच होता. बेसन कालवलं, गुठळ्या झाल्या. भात लावला. पातेलं घेऊन समोरचं दार वाजवलं.

आमनाने झाकण उचलून बघितलं. बहिणीचा फोन लागत नव्हता. तिने दोन ताटल्या आणल्या. आम्ही खाल्लं. मीठ घालायचं राहिलं होतं.