जवाहर दिवाणजींचा शांततेचा बंदोबस्त

सांगलीच्या हळदबाजारात जवाहर दिवाणजींची वीस वर्षं नोकरी झाली होती. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. दिवाणजींनी हा कायदा घरात, रस्त्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे लागू केला होता. न्हाव्यानं कान कापला असता तरी "असू दे, दुसरा आहे" म्हणून ते पैसे देऊन उठले असते.

शहात्तर साली त्यांनी एका नव्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा घेतली. लोक तिला फ्लॅट म्हणायचे, म्हणून दिवाणजीही म्हणायचे. बांधणाऱ्यानं स्लॅब इतक्या काटकसरीनं ओतला होता की वरच्यानं जांभई दिली तर खालच्याला झोप यावी.

वर राहायचे रिटायर सुभेदार सयाजीराव, म्हसवडकडचे. फौजेनं त्यांना सोडून चार वर्षं झाली होती, पण ते फौजेला सोडायला तयार नव्हते. रोज पहाटे पाचला खिळ्यांचे बूट घालून ते पुढच्या खोलीत एकट्याचीच परेड घेत. हुकूम तेच सोडत, तेच पाळत आणि पाऊल चुकलं तर स्वतःलाच शिव्या देत. दुपारी त्यांच्या बनुबाई फरशीवर खलबत्ता मांडून शेंगदाण्याची चटणी कुटत. रोज कुटत. एवढी चटणी दोघं खात होती की पलटणीला पाठवत होती, देव जाणे.

एरवी दिवाणजींनी हे जन्मभर सोसलं असतं. पण भाद्रपदात, जैनांच्या दशलक्षण पर्वाला, त्यांची आई चंदनबाला आव्वा आली. वडील गेल्यापासून ती धाकट्या अजितकुमारकडे शिरवळला राहायची आणि भावकीत एक वाक्य फिरत होतं, "थोरल्याला आई सांभाळता येत न्हाई." पर्वाचे दहा दिवस सुखाचे गेले तर आव्वा कायमची इथंच राहणार होती. तिनं दहा दिवसांचं मौन धरलं होतं. काही सांगायचं झालं तर पाटीवर लिहायची.

पहिल्याच पहाटे ती सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसली आणि डोक्यावर पलटण उतरली. आव्वानं पाटी ओढली. "वर लढाई हाय का?"

"आवं, वर जाऊन सांगा की," दिवाणजींची बायको गुणमाला म्हणाली. "तोंड हाय न्हवं?"

दिवाणजी गेले. चहा पिऊन आले.

"सांगितलं?"

"विषय काढला."

"कसा?"

"म्हटलं, सुभेदारसाहेब, तुमच्या बुटांमुळं आम्हाला घड्याळाची गरजच राहिली नाही. समजणाऱ्याला समजतं."

सुभेदारांना समजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परेड साडेचारलाच सुरू केली आणि नंतर दिवाणजींना जिन्यात गाठलं. "दिवाणजी, खास तुमच्यासाठी अर्धा तास आधी बरं का. कदर करणारा माणूस लय दिसांनी भेटला."

मग दिवाणजींनी स्वस्तातला उपाय काढला. दुकानातली रिकामी पोती फुकट. तेलगिरणीमागं शेंगांच्या फोलपटांचा ढीग, तोही फुकट. पोत्यांत फोलपटं भरून त्यांनी बांबूच्या आधारानं छताला आवळली. तीस पोती. खोलीत मान वर केली की तीस म्हशी उलट्या टांगल्यासारख्या दिसायच्या.

"आता वर तोफ उडाली तरी ऐकू येणार नाही," दिवाणजी म्हणाले.

वर बनुबाईंनी बत्ता हाणला. आवाज होता तसाच आला. नवीन एवढंच, की प्रत्येक ठोक्याला पोत्यांतली जुनी हळद चिमूटभर खाली पडू लागली. संध्याकाळपर्यंत आव्वा जेजुरीहून आल्यासारखी पिवळी झाली.

चौथ्या दिवशी पावसाळी हवेनं फोलपटांना किडे लागले. दुसऱ्या कुणी धूर केला असता, डीडीटी मारली असती. हे जैनाचं घर, त्यात चातुर्मास. एकेक किडा मऊ कुंच्यानं कागदावर घ्यायचा, बाहेर झाडाखाली नेऊन सोडायचा आणि परत यावं तर चटईवर नवे चार हजर.

"सासूबाईंनी शांतता मागितली," गुणमाला कुंचा चालवत म्हणाली, "आनि तुमी पांजरपोळ काढलासा."

आव्वानं पाटी पुढं केली. "अजितला तार कर. मी जाते."

दिवाणजींना आईला नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच जाऊन तार केली.

सहाव्या दिवशी दुपारी अजितकुमार आला. चेहरा दुःखी, पण आतून इस्त्री केलेला. "दादा, तू तुझ्या परीनं केलंस रं," असं म्हणत त्यानं आव्वाची पिशवी उचलली. तेवढ्यात वर खलबत्ता सुरू झाला. दिवाणजींनी पिशवीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं आणि अनवाणीच जिना चढले.

त्या स्लॅबमधून पुढचं सगळं शब्दन् शब्द खाली आलं.

"सुभेदारसाहेब, आवाज होतो."

"कशाचा?"

"तुमच्या बुटांचा. वहिनींच्या बत्त्याचा. मला तो आवडत नाही. कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी मी खोटं बोललो." आणि मग, "माझी आई चाललीय."

"आरं तिच्या," सुभेदार म्हणाले. "आवं, मंग आधी बोलायचं न्हाई व्हय? आनि त्या खालच्या पोत्यांनी काय हुतंय? गोळी सुटल्यावर कान झाकायचा परकार हाय त्यो. आवाज निघतो तिथंच दाबायचा असतो. बने, ट्रंकेतलं जेन काढ, आनि माजं बूट ठिव तितं."

जेन म्हणजे म्हसवडच्या बाजारातलं जाड लोकरी अंथरूण. बनुबाई ते पसरता पसरता बोलतच होत्या. "मी कवाधरनं म्हनतीया, बूट काढा. तर म्हनं खालच्यास्नी ग्वाड लागतंय. ग्वाड लागायला ते बूट हायत का बुंदी?"

जेनाच्या चार घड्यांवर खलबत्ता चढला. बत्ता पडला. खाली कुणी उशीवर थोपटावं एवढंच ऐकू आलं.

आव्वानं अजितकुमारच्या हातातली पिशवी घेतली, कॉटखाली पार भिंतीपर्यंत सरकवली आणि सामायिकाला बसली.

अजितकुमार मात्र शिरवळहून एवढ्या लांब आलेला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? गुणमालानं त्याच्या हातात मऊ कुंचा दिला आणि छताच्या पोत्यांकडं बोट केलं. "एकबी जीव मरता कामा नये, भावजी. आनि दिवस बुडायच्या आत जेवायचं हाय."