सासऱ्यांचा माईक आणि माझा अंगठा

कुठून सुरुवात करू? चहा घ्या, पण घोट जपून घ्या. हे ऐकताना आमच्या दिराच्या नाकातून चहा आला होता!

लग्न होऊन दुबईला आले तेव्हा कळलं, की माझे सासरे घरात कमी आणि रेडिओवर जास्त बोलतात. इथल्या एका छोट्या रेडिओच्या मराठी कार्यक्रमात ते कित्येक वर्षं कॉलेजच्या सामन्यांची कॉमेंट्री करतायत. ऊन असो, धुळीचं वादळ असो, एक सामना चुकवला नाही. आणि नेमका फुटबॉलच्या फायनलला बाबांचा घसा बसला. बसला म्हणजे खलास! नुसती हवा.

प्रोड्यूसर रॉनीचा फोन आला. "अंकल, आज कॉमेंट्री नाय झाली तर बॉस हा टाइम गाण्यांना देऊन टाकणार."

बाबांचा चेहरा बघवेना. लिफ्टमध्ये शेजारणीला नुसतं हसून दाखवणारी मी, म्हणाले, "मी करते!"

"अगं, तुला ऑफसाइड तरी कळतं का?" सासूबाई.

"बाबा खुणा करतील ना. यल्ला बाबा, चला!"

मैदानावर टेबल, टेबलावर माईक, माईकला एक बटण. बाबांनी बटणाकडे बोट दाखवून काहीतरी खूण केली. त्यात काय समजायचंय? डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या इंटरकॉमसारखंच. दाबायचं, बोलायचं, सोडायचं. अंगठा दाबला आणि जी सुटले! शंका आली की अंगठा उचलून हळूच बाबांना विचारायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

बाबा कानात छोटा रेडिओ लावून शेजारी. थोड्याच वेळात ते टेबल बडवायला लागले. मूठ मिटायची, उघडायची. मला वाटलं, 'मोकळेपणानं बोल' म्हणतायत. मी आणखी जोरात! मग त्यांनी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. पण माझा फोन पर्समध्ये, तोही सायलेंटवर. दोनदा त्यांचा हात माझ्या अंगठ्यापर्यंत आला आणि मागे गेला. जुन्या वळणाचा माणूस, नव्या सुनेचा हात धरणार कसा?

हाफटाइमला फोन काढला, तर रॉनी किंचाळतोय.

"वहिनी! ते खोकायचं बटण आहे! दाबलं की आवाज बंद! तुमची कॉमेंट्री कोणीच ऐकली नाय!"

"मग ऐकलं काय?"

"बटण सोडून अंकलशी बोललात ना, ते!"

काय काय बोलले होते मी? 'बाबा, आपले लाल की हिरवे?' 'बाबा, हा रेफरी पळताना अगदी ह्यांच्यासारखा दिसतो ना?' 'गोल झाला? मी त्या कोचचा विग बघत होते.' आणि 'बाबा, आई रोज दुधीच का करतात हो?'

सासूबाई घरी रेडिओ लावून बसलेल्या!

पळून जावंसं वाटलं. पण बाबांचा कार्यक्रम जाऊ द्यायचा? अजिबात नाही. दुसऱ्या हाफला अंगठा मुठीत कोंबला आणि बसले. बाबांच्या खुणा बघत पास, कॉर्नर, स्कोअर, सगळं चोख. ऑफसाइडसुद्धा बरोबर सांगितलं! बाबांनी मान डोलवली.

सामना संपला, रॉनीचा फोन. "वहिनी, प्रोग्राम वाचला! मेसेजवर मेसेज येतायत, बॉस एकदम खूश!"

मी पदर सावरला. "आवडली ना कॉमेंट्री?"

"आवडली म्हणजे काय! सगळे एकच विचारतायत. त्या पहिल्या हाफच्या बाई मस्त होत्या, मग नंतर ही कंटाळवाणी बाई कुठून आणलीत?"