ब्रायनच्या आलेखातले खड्डे

"मेधा, तुझं मीटर खोटं बोलतंय की तो माणूस संपलाय, एवढंच सांग. उद्या दुपारपर्यंत," माझा बॉस ग्रेग म्हणाला आणि माझ्या क्युबिकलच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

'तुझं मीटर' ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चांगलं चाललं की ते कंपनीचं मीटर असायचं.

२००६ चा उन्हाळा होता. मिशिगनमधल्या नोव्हायला आमची छोटी कंपनी सायकलचे पॉवर मीटर बनवायची. पॅडल ज्या दांड्याला लावलेलं असतं त्याला क्रँक म्हणतात. रायडरने जोर लावला की क्रँक केसाएवढी वाकते. तिच्यावर चिकटवलेली स्ट्रेन गेज नावाची पातळ पट्टी ते वाकणं मोजते आणि त्यावरून रायडरने किती ताकद लावली ते वॉटमध्ये कळतं. त्याआधी सहा वर्षं मी मोटारीच्या अ‍ॅक्सलवर हेच काम केलं होतं. फरक एवढाच की अ‍ॅक्सलची नोकरी जात नाही.

ब्रायनची जाणार होती. तो तिशीला टेकलेला अमेरिकन रायडर, युरोपात तीन आठवड्यांची शर्यत चालवत होता. पहिला आठवडा त्याने झकास काढला. दहाव्या दिवसापासून मात्र आकडे घसरायला लागले. टीमचा डायरेक्टर मार्को रोज संध्याकाळी सरासरी बघायचा आणि ती रोज आदल्या दिवसापेक्षा कमी असायची. शेवटच्या चढावर तर टीमच्या लीडरबरोबर राहणं हेच ब्रायनचं मुख्य काम, आणि तिथे तो पहिल्या वळणावरच मागे पडत होता. मंगळवारी विश्रांतीचा दिवस होता. त्या संध्याकाळी मार्को पुढच्या वर्षीच्या कॉन्ट्रॅक्टचं ठरवणार होता. ब्रायनचं म्हणणं एकच, माझे पाय ठीक आहेत, मीटर बिघडलंय.

मी आधी मीटर तपासलं. काहीच ठेवलेलं नसताना तराजूने शून्य दाखवायला हवं, तसंच मीटरचंही असतं. उन्हात धातू प्रसरण पावतो आणि शून्य सरकतं, म्हणून मेकॅनिकने ते रोज सकाळी नव्याने लावायचं असतं. मी मेकॅनिकला फोन केला. लावतो, म्हणाला. मग मी त्याला क्रँक आडवी धरून तिला माहीत असलेलं वजन टांगायला सांगितलं. त्याच्याकडे वजन नव्हतं. हॉटेलच्या किचनमधून त्याने बटाट्याचं पोतं आणलं, तिथल्याच काट्यावर तोललं आणि पार्किंगमध्ये पॅडलला टांगलं. मीटरने पोत्याचं वजन बरोबर सांगितलं.

म्हणजे मीटर खरं बोलत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ब्रायन मीटर बसवून घ्यायला नोव्हायला आला होता तेव्हा मी त्याला डब्यातला साबुदाण्याचा वडा दिला होता आणि त्याने खाण्याआधी त्याचं वजन विचारलं होतं. असा हिशेबी माणूस 'माझे पाय ठीक आहेत' म्हणतो, ते उगाच म्हणेल असं वाटेना.

टीमचं सॉफ्टवेअर फक्त सरासरी दाखवायचं. मी मंगळवारी सकाळी मूळ फाइल उघडली. तीत दर सेकंदाचा आकडा असतो. बाराव्या दिवसाचा आलेख लांब कागदावर छापला आणि लॅबच्या जमिनीवर पसरला. आमच्याकडे जोशीकाका होते, मोटार कंपनीतून रिटायर झालेले. आठवड्यातून तीन दिवस येऊन गेज चिकटवायचे. सायकल शर्यतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून ते कागदावर वाकले.

"हे खड्डे कसले गं? हा सारखा थांबतोय का?"

मी बघितलं. खरंच खड्डे होते. ताकद शून्यावर यायची, वेग कमी व्हायचा, दीड-दोन मिनिटांनी ताकद एकदम वर उडायची आणि चार-पाच मिनिटं वरच राहायची. मग पुढचा खड्डा. मी मोजले, अकरा होते. पहिल्या आठवड्यातल्या एका दिवसाचा आलेख काढला, त्यात चार होते.

खड्डे कसले ते मला कळलं. ब्रायनसारख्या रायडरचं दुसरं काम म्हणजे पाणी आणणं. तो मागे टीमच्या गाडीपाशी जातो, जर्सीत बाटल्या कोंबतो आणि जीव तोडून पुन्हा घोळक्यात येऊन लीडरला पाणी देतो. हे काम टीममधले दोघं वाटून घेतात. दहाव्या दिवसापासून ब्रायन दोघांचं पाणी एकटा वाहत होता. शिवाय प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात. पुढच्या गाडीत डायरेक्टर बसतो, मागच्या गाडीत मेकॅनिक. खड्ड्यांची लांबी सांगत होती की ब्रायन मागच्या, लांबच्या गाडीपर्यंत जात होता. शेवटच्या चढावर पोचेपर्यंत त्याच्या पायांत काही उरत नव्हतं. मधले वेडेवाकडे झटके सरासरीत बुडून जात होते.

मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्याच रिपोर्ट लिहिला. मीटर ठीक, रायडर ठीक, तो दोन माणसांचं काम करतोय. दोन्ही आलेख जोडले, खड्ड्यांवर लाल गोल काढले. टू मार्को, सीसी ग्रेग आणि टीमचं ऑफिस. सेंड.

जेवणाच्या सुट्टीत ब्रायनचा फोन आला.

"तू ते पाठवलंस?" त्याचा आवाज अगदी शांत होता.

मी उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. माझं संपल्यावर त्याने त्याचं सांगितलं. दुसरा पाणी आणणारा ल्यूक. वय सदतीस, शेवटचा सीझन, शेवटची शर्यत. नवव्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. खाल्लेलं टिकत नव्हतं. एकदा गाडीपाशी मागे गेला असता तर पुन्हा घोळक्यात येऊ शकला नसता. त्याला शेवटच्या दिवशी शर्यत संपते त्या शहरात शिरायचं होतं, बायको आणि दोन मुली तिथे येणार होत्या. म्हणून ब्रायनने त्याचं काम अंगावर घेतलं. मेकॅनिकला माहीत होतं. मार्कोला दिसू नये म्हणून मागची गाडी.

"मग मीटर बिघडलंय असं का म्हणालास?"

"दुसरं काय म्हणणार होतो?" तो म्हणाला. "मेधा, तू मला एक फोन करायचा होतास."

मी सॉरी म्हटलं. त्याने फोन ठेवला.

मी लॅबमध्ये जाऊन काकांना सांगितलं. ते गेजला वायर सोल्डर करत होते. ती पूर्ण करून त्यांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं.

"आधी त्याला विचारायचं राहिलं का?"

"काका, रिपोर्ट टीमने मागितला होता. त्याने नाही," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले.

"हो, पण पाय त्याचे होते ना," काका म्हणाले.

राग काकांचा नव्हताच, माझा मलाच आला होता. लाल गोल काढताना मी एकदाही मनाशी म्हटलं नव्हतं की दोन माणसांचं काम एकजण करतोय तर दुसरा कुठे आहे.

त्याच संध्याकाळी मार्कोने ल्यूकला टीमच्या डॉक्टरसमोर उभं केलं. डॉक्टर म्हणाला, शरीरात पाणीच उरलेलं नाही, आणखी दोन दिवस चालवलं तर किडन्यांवर येईल. बुधवारी सकाळी ल्यूक विमानात बसला. शर्यत संपायला पाच दिवस होते.

पाणी आणायचं काम मार्कोने तिघांत वाटून दिलं. शुक्रवारच्या चढावर ब्रायन लीडरला शेवटच्या वळणापर्यंत घेऊन गेला. त्याला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. ग्रेग खूश झाला आणि माझा लाल गोलांचा आलेख सेल्सच्या स्लाइडवर गेला. डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलं की लोक मला म्हणतात, तू तर त्या माणसाला वाचवलंस. असेल. पण मी पाठवताना मला त्यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे ते श्रेय मला घेववत नाही.

ऑक्टोबरमध्ये ब्रायन नवीन मीटर घ्यायला नोव्हायला आला. रागावलेला वाटला नाही. क्रँक बसवून होईपर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो. शेवटी मीच ल्यूकचं विचारलं.

"तब्येत छान आहे. घराजवळच्या शाळेत मुलांना सायकल शिकवतो," ब्रायन म्हणाला. मग क्रँक हाताने फिरवत त्याने सांगितलं, "तो डॉक्टरला दोष देतो. तुझं मी त्याला सांगितलेलं नाही."

तो गेल्यावर मी आमच्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये सगळ्यात वर एक ओळ वाढवली : 'पाठवण्यापूर्वी रायडरशी बोलणं झालं का? हो / नाही.' ग्रेगने विचारलं, याचा इंजिनिअरिंगशी काय संबंध? मी म्हटलं, काही नाही, असू दे. ती ओळ मी कंपनी सोडेपर्यंत फॉर्मवर होती आणि तिच्यामुळे आमचे रिपोर्ट साधारण एक दिवस उशिरा जायचे.