न चाखलेली बिस्किटं

इजिप्तमधल्या मिन्या गावातली आमची मार्सिलमावशी दर ईस्टरला तुपातली बिस्किटं करते. सणाआधीच्या मोठ्या उपासात आम्हाला तूप चालत नाही, म्हणून पीठ चाखायची सोय नसते. यंदा तर तिचे यजमान नसीमकाका आजारी. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती गेलीच, अन्न घशाखाली उतरेना. डॉक्टरही हात झटकून मोकळे.

"खाणार कोण एवढं?" मावशीची जाऊ टोचून बोललीच.

"मी मळते. गोड करायचं ते देव बघेल."

सणाच्या सकाळी काकांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, साखरेऐवजी मीठ घातलंस की काय!"

मावशी लगबगीने पुढे सरसावली. "खारट लागलं? पुन्हा म्हणा ना!"