नाक्यावरची रुचिता

रुचिता हल्ली सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली की डावीकडे वळते. रिक्षा स्टँड उजवीकडे आहे, तिचं मीरा रोडचं कॉलेज त्याच वाटेने, झेरॉक्सवाला, दूधवाला, सगळं उजवीकडे. डावीकडे फक्त लांबचा वळसा आहे, मासळी बाजाराच्या मागून जाऊन नाक्याच्या पाठीमागे निघणारा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. तिच्या हातात डबा दिला की मी रोज तिथे जाऊन उभी राहते. ती डावीकडे वळते, आणि दिसेनाशी होईपर्यंत मी तिथून हलत नाही.

आधी वाटलं, कोणी मुलगा असेल. मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलांचं काहीतरी करता येतं. आरडाओरडा करता येतो, नाहीतर सरळ घरी चहाला बोलावता येतं.

उजवीकडे काय आहे ते लक्षात यायला मला दिवाळी उलटावी लागली. उजवीकडे, नाक्यावर, ती स्वतः आहे. फ्लेक्सवर, माणसाहून मोठी.

मी हे लिहायला बसले आहे कारण झोप लागत नाही, आणि यतीन, माझा नवरा, म्हणतो की तू या विषयावर बोललीस की रडतेस, त्यापेक्षा लिही. तर लिहिते. माझ्या मुलीबद्दल लिहिते. तिला मी ओळखते अशी माझी समजूत होती.

आम्ही गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो तेव्हा रुचिता जेमतेम चालायला लागली होती. माझे सासरे, हरिश्चंद्र पाटकर, नुकतेच निवृत्त झाले होते. ते आणि ही, दोघं संध्याकाळी बाल्कनीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या रिक्षांच्या नंबरांच्या बेरजा करायचे. पुढे गुणाकार आले. घरी कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी मामंजी म्हणायचे, "विचारा हिला काहीही." पाहुणे बिचारे सतरा अठ्ठे किती असं काहीतरी विचारायचे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर. सगळे हसायचे, मामंजींची छाती फुगायची.

उत्तर येत नसेल तेव्हा ती "येत नाही" म्हणायची नाही. ती उठून पाणी प्यायला जायची. सावकाश पाणी पिऊन परत येईपर्यंत विषय बदललेला असायचा. मला ते गोड वाटायचं. किती शहाणी आहे बघा, असंही मी कोणाला तरी सांगितल्याचं आठवतं.

बारावीला तिला गणितात पैकीच्या पैकी मार्क पडले. तिच्या क्लासच्या कौस्तुभ सरांनी जूनमध्ये नाक्यावर फ्लेक्स लावला. गुलाबी ओढणीतला तिचा फोटो, वर सोनेरी मुकुट, खाली "आमची शान, कु. रुचिता यतीन पाटकर". खालच्या मजल्यावरचे मितेशभाई जिन्यातूनच ओरडले, "भाभी, अपनी रुचिता तो स्टार बन गई! अब पेढे से काम नहीं चलेगा, बासुंदी चाहिए." सोसायटीने गणपतीत सत्कार केला. ट्रॉफी टीव्हीशेजारी आहे. तिच्यावर धूळ बसते, मी पुसते.

आमच्याकडे क्लासवाले टॉपरला सोडत नाहीत, ही एक पद्धतच आहे. त्या मुलीला पुढच्या वर्षीच्या बारावीच्या मुलांना शिकवायला बोलावतात. मुलं पोस्टरवरच्या चेहऱ्याकडून शिकतात, त्यांच्या आईवडिलांना बरं वाटतं. रुचिता सकाळच्या बॅचला मॅट्रिक्स शिकवायला लागली. तो तिचा हातखंडा चॅप्टर. चौकटीत आकडे मांडायचे, अधिक-उणे चिन्हं बुद्धिबळाच्या पटासारखी फिरवायची, त्यातून डिटर्मिनंट नावाचा एक आकडा काढायचा, आणि त्यावरून इन्व्हर्स, म्हणजे उलट फिरवून परत आणणारी चौकट. घरी येऊन सांगायची, "आई, आज पोरांना इन्व्हर्स एका दमात करून दाखवला. तोंडं उघडी!"

आणि त्याच महिन्यात तिचं कॉलेज सुरू झालं. बी.एस्सी. डेटा सायन्स, पहिलं सेमिस्टर. एका विषयाचं नाव लिनियर अल्जिब्रा. त्यातही मॅट्रिक्सच. मी म्हटलं, चला, हा तर घरचाच पेपर.

नंतर ती हळूहळू शांत झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. आधी जेवताना मोबाईल बाजूला ठेवत नसे, आता ठेवायला लागली. विचारलं तर "चाललंय." मी बी.कॉम. झालेली बाई. माझ्या वेळचं गणित व्याज आणि टक्केवारीपाशी संपलं. तिच्या पुस्तकात डोकावले तर पानंच्या पानं आकडाच नाही, नुसती अक्षरं.

चार दिवसांपूर्वी आमटी वाढत होते. ती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, झिरो आला की काय होतं माहितीये? सगळं दबून एका रेषेत जातं. मग परत येताच येत नाही. कुठून आलो ते कळतच नाही."

यतीन म्हणाला, "भात घे."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तिने भात घेतला, जेवली, ताट घासलं. त्या रात्रीपासून मी बाल्कनीच्या दाराला वरची कडी लावते. तिला सांगितलं, कबुतरं येतात.

आज दुपारी तिच्या वर्गातल्या निहारचा फोन आला. "काकू, रुचिता घरी आहे का? लिनियर अल्जिब्राच्या ममता मॅडमनी आज पेपरच्या आधीचं शेवटचं डाउट सेशन ठेवलं होतं. येते म्हणाली होती, आलीच नाही. फोन पण बंद लागतोय."

परवा पेपर. सकाळी ती डबा घेऊन गेली होती आणि डावीकडे वळली होती.

मी चपला घातल्या की नाही हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. घातल्या होत्या, एक माझी आणि एक यतीनची. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" आणि माझ्या तोंडून निघालं, "जेट्टी." मी तेच का म्हटलं हे मला लिहायचं नाही. वाटेत यतीनला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. फोन कापला गेल्यावर मी मनातल्या मनात कोणकोणत्या देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही.

खाडीला भरती होती. धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ जाळं पसरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"कुणाला बघतंस, बाय?"

"मुलगी. पोपटी ड्रेस आहे. पाठीवर सॅक."

"मी सकालपासून हतंच हाय. हतं अशी कोन पोरगी आली न्हाय." मग माझं तोंड बघून पुन्हा म्हणाले, "खरंच न्हाय आली. घरा जा."

मी त्यांच्यासमोर रडले. ते जाळ्याकडे बघत राहिले, तेवढे उपकार त्यांनी केले.

परत येताना मी नाक्यावर उतरले, कारण पुढे कुठे जायचं ते सुचेना. समोर तो फ्लेक्स. पावसाने आणि उन्हाने चेहरा पार विटला आहे, मुकुट मात्र तसाच चकचकीत. फ्लेक्सच्या मागे क्लासचा जिना आहे, आणि त्या जिन्यावरून मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला.

मोठा, खणखणीत, पाहुण्यांसमोरचा आवाज. "चला, डिटर्मिनंट काढा पटपट. काय आला? झिरो. झिरो आला की इन्व्हर्स नाही. खाली रेघ मारायची, लिहायचं, डझ नॉट एक्झिस्ट. दोन मार्क खिशात."

मी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले. आतून एका मुलीचा आवाज आला, "दीदी, पण का न्हाय?"

मुलं हसली. "का न्हाय, का न्हाय!" कोणीतरी चिडवलं. "सुगंधा, तारोडीची बस सुटेल, गप लिही!"

"बस सुटू दे. मना सांग ना दीदी, झिरो आला तर का नसतो?"

हसणं थांबलं. खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रुचिता म्हणाली, "एक मिनिट हं. पाणी पिऊन येते."

दार उघडलं आणि ती माझ्यासमोर आली. हातात बाटली. भरलेली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे. मला वाटलं, आता हसेल. ती पायरीवर बसली आणि तोंड ओढणीत खुपसलं.

आम्ही घरी चालत आलो. वळसा घालूनच आलो, मी काही म्हटलं नाही. मासळी बाजाराच्या मागे ती बोलायला लागली.

"आई, पहिले तीन आठवडे मी लेक्चरला गेलेच नाही."

"म्हणजे?"

"टाइमटेबलवर मॅट्रिसेस लिहिलं होतं. ते माझं झालं होतं ना. आणि त्याच वेळेला सरांची सकाळची बॅच. म्हटलं, जे येतं तेच परत कशाला ऐकायचं. मग एक दिवस गेले, तर बोर्डवर एकही आकडा नव्हता. स्पेस, बेसिस, असलं काय काय. सगळे माना हलवत होते. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच वर्गात बसले."

"मग विचारायचं ना मॅडमना."

"मॅडम म्हणाल्या, रुचिताला माहीत असेल, तिला विचारा. त्यांनी रिक्षातून फ्लेक्स बघितलाय, आई."

थोडं चालल्यावर मी विचारलं. "त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, दबून जातं, परत येता येत नाही..."

"ते डिटर्मिनंटबद्दल होतं." ती थांबली. "तुला काय वाटलं?"

तिने पुन्हा माझ्या चपलांकडे बघितलं आणि माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, बोटं दुखतील इतका घट्ट.

"मग सुगंधाला तेवढं तरी सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"व्हिडिओत बघितलेलं एक वाक्य आहे ते. त्याच्यावर तिने अजून एकदा का विचारलं असतं, तर? तिथून पुढे माझ्याकडे काहीच नाही. आज मॅडमकडे जायचं म्हणूनच निघाले होते. वर्गाच्या दारापर्यंत गेले. सगळे आत बसलेले दिसले. मग क्लासला आले, दुपारची बॅच मागून घेतली. तिथे मला येतं."

ती डिटर्मिनंटबद्दलच बोलत होती, हे मी स्वतःला संध्याकाळपासून सांगते आहे. पण डिटर्मिनंटबद्दल बोलताना माणसाचा चेहरा तसा होत नाही. दोन्ही खरं असू शकतं, आणि मला त्याचीच भीती वाटते.

घरी आल्यावर कळलं की उद्या कौस्तुभ सरांनी दिवसभराची रिव्हिजन ठेवली आहे. मॅट्रिक्स, रुचिता दीदी घेणार. ग्रुपवर तिच्या फोटोसकट मेसेज फिरतोय. हातात एकच दिवस आहे, आणि तो ती जे येतं ते शिकवण्यात घालवणार. निहार म्हणाला होता, उद्या सकाळी येऊ का काकू, मॅडमनी आज घेतलेलं सगळं तिला सांगतो.

यतीन म्हणाला, "सरांना सांग, ताप आलाय. विषय संपला."

रुचिता खोलीतून बाहेर आली. "कोणीही सरांना काही सांगायचं नाही. आई, तू फोन केलास ना, तर मी परवा पेपरलाच जाणार नाही. सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मला येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हे तीन शब्द मी तिच्या तोंडून ऐकले. ती आत गेली, दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी हे लिहिते आहे. फोन केला तर ती म्हणते तसं खरंच करेल का? नाही केला तर उद्या ती पुन्हा त्या फळ्यासमोर उभी राहील, सुगंधा पुन्हा विचारेल, आणि माझी मुलगी बाटली घेऊन जिन्यात येईल. उद्या त्या जिन्यात मी नसेन. यतीनचा ताप दोन दिवसांत उतरेल, फ्लेक्स तसाच राहील, आणि ती डावीकडेच वळत राहील.

आत्ता ती पाणी प्यायला उठली होती. स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होती. मी टेबलाशीच बसून विचारलं, "करू का फोन? खरं ते सांगते. ताप नाही सांगणार."

तिने पेला पालथा घातला आणि माझ्या शेजारून खोलीत गेली. मी कडीचा आवाज यायची वाट बघितली. दार उघडंच आहे. तिच्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड पॅसेजमध्ये माझ्या पायांपर्यंत आला आहे.

ते "हो" होतं की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित उद्या ती माझ्याशी बोलणार नाही. पेपरला जाईल की नाही, तेही माहीत नाही. पण रुचिता उद्या येणार नाही, तिला लिनियर अल्जिब्रा येत नाही, ती घरी बसून पहिल्या धड्यापासून शिकणार आहे, आणि तो फ्लेक्स सकाळी पोरं यायच्या आधी उतरवा, एवढं मला सांगता येईल. कौस्तुभ सर जागे आहेत, आत्ताच त्यांनी ग्रुपवर उद्याचे प्रश्न टाकले. नंबर लावते.