झोपू न देणारे प्रश्न

हुडकेश्वरहून रामदासपेठेकडे निघालेल्या शेअर ऑटोत माझ्या शेजारी एक बाई नवऱ्याला खांद्याशी धरून बसली होती. तो जिन्यावरून डोक्यावर पडला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला झोपू देऊ नका, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. म्हणून तिने त्याची सामान्य ज्ञानाची परीक्षा लावली होती.

"भारताची राजधानी?"

"दिल्ली."

"महाराष्ट्राची?"

"मुंबई."

प्रत्येक उत्तराला ती मान डोलवायची आणि पदराने त्याची जखम दाबून धरायची. त्याचा आवाज मात्र खोल जाऊ लागला होता.

"पाठ असलेलं विचारू नका," मी म्हणाले. "डोकं चालवावं लागेल असं विचारा."

तिने त्याच्या गालावर चापट मारली. "विदर्भाची राजधानी कोणती? सांगा ना जी!"

त्याची मान कलली. तिने ती हाताने सावरली. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला.

"पहिले विदर्भ वेगळा तर होऊ दे वं," नवरा डोळे मिटूनच पुटपुटला. "पागल कुठची."

ऑटोवाला मोठ्याने हसला. तिने डोळे पुसले आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला. नवऱ्याने पागल म्हटल्यावर एवढी सुखावलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.