उस्तादांचे कान

उस्ताद आधी ऐकायचे, मग बॉनेट उघडायचे. ऐकताना डोळे मिटायचे आणि तोंड उघडं ठेवायचे, खालचे दात दिसतील इतकं. नव्या माणसाला वाटावं, उभ्या उभ्या झोप लागली. तेवढा वेळ शेडमध्ये कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवायचा नाही. मग डोळे उघडून सांगायचे, "तिसऱ्या नंबरचा व्हाल्व्ह ढिला है." खोलल्यावर तेच निघायचं.

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या मागं त्यांची भाड्याची पत्र्याची शेड होती. तिथं दोनच गाड्या राहायच्या, एक हिरवी आणि एक लाल. दोन्ही इंग्रजांच्या मुलखातल्या, साठ वर्षांपूर्वीच्या. दोन माणसांपुरत्या, छप्पर नसलेल्या, आणि इतक्या बुटक्या की बसल्या बसल्या हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. त्यांचे मालक एक कारखानदार होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. साहेबांना या गाड्या पळवायचा नाद होता. वर्षातून एकदा त्यांच्यासारखे हौशी लोक एका बंद पडलेल्या धावपट्टीवर जमत आणि शर्यत लावत. बक्षीस म्हणजे एक पितळी कप. त्या एका दिवसासाठी उस्ताद वर्षभर खपायचे.

मी घरी शिवणकाम करायचे. एक दिवस उस्ताद फाटलेलं सीट खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. "टाका बारीक पाहिजे," म्हणाले. "वळणावर माणूस याच्यावरूनच घसरतो." मी मान हलवली आणि सीट आत घेतलं. चार दिवसांनी ते न्यायला आले, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तू बोलत नाय का?" मी उरलेला दोरा गुंडाळू लागले. ते हसले. "अच्छा है. लई बोलणारी माणसं इंजिनाजवळ कामाची नाय." मी बोलायला बुजते हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल मला शाबासकी देणारं माणूस तेवढं एकच भेटलं. तेव्हापासून दुपारची मी शेडमध्ये जाऊ लागले. सीटं शिवली, बॉनेटवर आवळायचा चामडी पट्टा शिवला, मग रॉकेलमध्ये सुटे भाग धुऊ लागले.

उस्तादांचे पाने वेगळे होते. त्या गाड्यांचे नटबोल्ट आपल्याकडच्या मापाचे नाहीत, त्यामुळे बाजारातला पाना एक तर बसत नाही, नाही तर बोल्टाचे कान झिजवतो. शेजारचा गॅरेजवाला एकदा पाना मागायला आला तर उस्ताद म्हणाले, "माझा दात माग, देतो." बॅटरीच्या तारासुद्धा त्या गाड्यांत उलट्या जोडायच्या. त्यांनी लाल रंगानं बॅटरीवर मोठी खूण केली होती आणि तरी दर वेळी मला बजावायचे, "इथं उलटंच सीधं है, बेटा." शर्यतीच्या आधी ते प्रत्येक मोठ्या बोल्टाच्या डोक्याला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवायला लावायचे, म्हणजे हादऱ्यानं बोल्ट सुटू नये. तार पिळायचं काम माझं. "सुईचा हात है तुझा," म्हणायचे.

पण त्यांचं खरं काम दोन कार्बोरेटरचं, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणाऱ्या. या गाड्यांना एकाच्या जागी दोन असतात, एक पुढं, एक मागं. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे. उस्ताद रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, दुसरं कानात घालायचे आणि सूंऽ असा आवाज ऐकायचे. आधी पुढच्याचा, मग मागच्याचा, मग परत पुढच्याचा. स्क्रू केसभर फिरवायचे. "ह्या दोघी जावा है," त्यांनी मला समजावलं. "एक लई खाती, एक उपाशी राहती. मग घर जळतं."

एका दुपारी ते असेच नळी कानाला लावून बसले होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान हलते आहे. मी पाहिलं तर नळीचं खालचं टोक त्यांच्या हातातून निसटून जमिनीवर पडलेलं. ते ऐकतच होते. स्क्रूही फिरवला. मग डोळे उघडले आणि मला पाहिलं, माझी नजर कुठं आहे ते पाहिलं, आणि नळी उचलून गुंडाळून ठेवली. त्या दिवशी पुढं काही काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाले, "जाडा आवाज हाताला कळतो. बारीक आवाज दोन सालांपासून नाय. कोणाला बोलू नको." मी कुणाला काय बोलणार. मुलीनं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते लावून इंजिन चालू केलं की पत्र्यावर दगड पडल्यासारखं होतं म्हणून त्यांनी काढून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून नळी माझ्या कानाला लागली. साहेब नसले की मी सरळ हातानं दाखवायचे. साहेब आले की उस्ताद नळी स्वतःच्या कानात घालून बसायचे आणि मी समोरच्या बाजूला फडका घेऊन पुसत राहायचे. जवळ उभं राहिलं, की नळीशिवायही मला दोघींचा फरक कळायला लागला होता. फडका उजव्या खांद्यावर टाकला, म्हणजे पुढची जास्त खाते. डाव्या खांद्यावर, म्हणजे मागची. घडी करून हातात धरला, म्हणजे दोघी बरोबर. साहेब म्हणायचे, "उस्ताद, तुमच्यासारखे कान नाहीत कुणाचे." उस्ताद मान खाली घालून स्क्रू फिरवायचे.

मग मागच्या वर्षी हिरवी शर्यतीत अर्ध्यात थांबली. पेट्रोलच्या नळीत कचरा होता, उस्तादांची काही चूक नव्हती, पण साहेबांच्या मनात शंकेनं घर केलं ते केलं. या वर्षी शर्यतीच्या आधी ते पुण्याच्या एका मेकॅनिकला घेऊन आले. तरुण, स्वच्छ कपड्यांतला माणूस. साहेब म्हणाले, "उस्ताद, या वेळी हिरवी शेवटपर्यंत पळाली तर गाड्या इथंच राहतील. नाही तर दोन्ही पुण्याला पाठवतो. तिथं यंत्रावर लावून बघतात." उस्ताद हसून हो म्हणाले. साहेब गेल्यावर मला विचारलं, "काय बोलले?" मी कानाशी जाऊन सांगितलं. ते लाल गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. "गाड्या गेल्या तर मी काय करू? खुलताबादला पोरीच्या दारात बसू?" थोड्या वेळानं म्हणाले, "तू है ना. तुझे कान चांगले है." मला रात्रभर झोप नाही.

शर्यतीच्या तीन दिवस आधी हिरवी घाटात चढवून पाहायची ठरली. उस्ताद चालवायला आणि शेजारी मी. त्या गाडीत मी पहिल्यांदाच बसले होते. साहेब आणि पुणेवाला मागून मोठ्या गाडीत. खुलताबादचा चढ लागला, उस्तादांनी पाय दाबला, आणि मला एक आवाज आला. बारीक, डब्यात काचेच्या बांगड्या हलाव्यात तसा. चढ जास्त झाला की वाढायचा, पाय उचलला की बंद. उस्तादांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते वारा खात, खुशीत चालवत होते. माझा हात दाराच्या कडेवर आवळला गेला.

वर गाडी थांबली. साहेब उतरून आले. "काय उस्ताद, कशी आहे?" उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. फडका माझ्या मांडीवर होता. पण आमच्या खुणा त्या दोघी जावांच्या होत्या, या आवाजाला खूण नव्हती. हा तोंडानंच सांगायला हवा होता, आणि मोठ्यानं, कारण हळू सांगितलेलं त्यांना कळणार नव्हतं. पुणेवाला हाताची घडी घालून माझ्याकडंच बघत होता. मी ओरडून सांगितलं तर साहेबांना आणि त्याला दोन गोष्टी कळणार होत्या, गाडीत दोष आहे आणि उस्ताद बहिरे आहेत. मी पदर ओढून घेतला आणि खाली पाहिलं.

"ठीक है," उस्ताद म्हणाले.

उतरताना साहेबांनी हिरवी स्वतः घेतली, उस्ताद त्यांच्या शेजारी. मी मोठ्या गाडीत, पुणेवाल्याच्या मागं. उतारावर तो आवाज येणार नव्हता हे मला कळत होतं. संध्याकाळी शेडवर गेले तर साहेबांची माणसं हिरवीला ट्रकवर चढवून दोर आवळत होती. उस्ताद त्यांना ओरडत होते, "बंपरला नको, खाली बांधा." मी दारात उभी राहिले. माणसं जातील मग सांगू, म्हटलं. माणसं गेली तीच उस्तादांना ट्रकमध्ये बसवून.

दोन दिवस धीर झाला नाही, शर्यतीच्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन लावला. आधी वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"उस्ताद, चढावर आवाज होता."

"हां बेटा. जेवलो."

"आवाज होता. बारीक. इंजिनात."

"सब ठीक है. तू जेवली का?"

मी परत सांगितलं. घरात कुणी नव्हतं तरी माझा आवाज मोठा होईना. तिकडं उस्तादांच्या शेजारी साहेबांचा ड्रायव्हर कुणाशी तरी बोलत होता, ते मला नीट ऐकू येत होतं. फोन त्याच्याकडं द्या म्हटलं असतं, त्याला सांगितलं असतं, तर इंजिन वाचलं असतं आणि उस्तादांचं गुपित गेलं असतं. मी विचार करत राहिले. उस्ताद म्हणाले, "ठेवतो. गाडी लाइनीत लावायची है."

चौथ्या फेरीला हिरवीच्या बॉनेटमधून धूर आला. दोन दिवसांनी उस्ताद आले, तेव्हा पिस्टन पिशवीत घेऊन आले होते. मधोमध हरभऱ्याएवढं भोक, कडा वितळलेल्या. "उभी होती तेव्हा दोघी बरोबर होत्या," ते म्हणाले. "जोर पडला तेव्हा एक उपाशी राहिली." साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "जाऊ द्या उस्ताद, वय झालं आता." आठवड्यात दोन्ही गाड्या पुण्याला गेल्या. लाल गाडीच्या मागं उस्ताद गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. शेडच्या मालकानं तिथं फरशीचं दुकान काढायला दिलं आणि मुलगी येऊन उस्तादांना खुलताबादला घेऊन गेली.

चार महिने मी ते पोटात ठेवलं. जेवताना, शिलाई मशीनवर बसताना, तो बांगड्यांचा आवाज येत राहायचा. शेवटी बसनं खुलताबादला गेले. उस्ताद खरंच दारात बसले होते. वाळले होते. मला पाहून त्यांनी मुलीला चहा ठेवायला लावला. मी जवळ बसून सांगितलं. त्यांनी कान पुढं केला. मी परत सांगितलं. मुलगी आतून म्हणाली, "आपा, जोर से बोलो, अब्बा को अब कुछ नहीं सुनाई देता."

मी ओरडले. "मला आवाज आला होता. घाटात. मी सांगितलं नाही." समोरच्या दारातल्या दोन बायका बाहेर आल्या.

उस्तादांनी कप खाली ठेवला. "मालूम था," म्हणाले. "तुझा हात बघितला मी, दारावर. वरती थांबलो तेव्हा तुझं तोंड बघितलं. परत विचारायचं होतं. नाय विचारलं. पुणेवाला उभा होता." मग म्हणाले, "तू गप राहिली ती माझ्यासाठी. मी पण माझ्याचसाठी गप राहिलो."

मी शिव्या खायला गेले होते. त्या मिळाल्या असत्या तर परत येताना काहीतरी हलकं झालं असतं. त्यांनी चहा बशीत ओतून माझ्याकडं सरकवला, शिवणकाम कसं चाललंय विचारलं. मी मान हलवली.

मी नको म्हणत असताना ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. बस भरली होती, मला खिडकी मिळाली. बस सुटली तशी उस्ताद चार पावलं रस्त्यात आले आणि हात हलवत उभे राहिले. त्यांच्या मागून दुसरी बस हॉर्न वाजवत आत वळत होती. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "बाजूला व्हा." सगळी बस माझ्याकडं बघायला लागली. मी परत ओरडले, घसा फाटेपर्यंत. त्यांना वाटलं मी निरोप घेतेय. त्यांनी दुसराही हात वर केला. एका पेरूवाल्यानं त्यांना दंडाला धरून कडेला ओढलं, तरी ते माझ्याकडंच बघून दोन्ही हात हलवत होते.